पातेलं कोणी घ्यायचं

आधी माफी मागतो. डोंगरांविषयी लिहिणारी माणसं वेगळी असतात. त्यांनी बर्फ पाहिलेला असतो, ती दोरावर लटकलेली असतात. मी आजवर एकच मोठा ट्रेक केला आहे, तोही आपल्याच जिल्ह्यातला, रांगणा किल्ल्याचा, तीन दिवसांचा. त्या तीन दिवसांत जंगल, दरी, धुकं वगैरे जे काही होतं ते इतरांनी पाहिलं. मी एक पातेलं पाहिलं. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहायला बसलो की सारखं वाटतं, मागून कोणीतरी विचारेल, तुला कोणी सांगितलं होतं? कोणीच सांगितलं नव्हतं. पण ही हकीकत तोंडाने सांगायला गेलो की लोक पहिल्या दोन मिनिटांत हसायला लागतात आणि माझा पुढचा मुद्दा राहूनच जातो. म्हणून लिहितो आहे.

आम्ही कबनूरचे, यंत्रमागांच्या गावचे. आमच्या गल्लीत सकाळी जाग येते ती मागांच्या आवाजाने, आणि माग बंद पडले तरच माणसं बाहेर येऊन काय झालं म्हणून विचारतात. वडील बीम वाहतात. बीम म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला मोठा लोखंडी रूळ. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी थांबतो, पुढे बोळ इतके अरुंद की हातगाडीही जात नाही. तिथून तो रूळ माणसांच्या खांद्यावरून मागापर्यंत जातो. पुढच्याला मागचा दिसत नाही. मागच्याला पायाखालचं दिसत नाही. लहानपणी शाळेतून येताना वडिलांची जोडी समोरून आली की आम्ही पोरं भिंतीला चिकटून उभे राहायचो. दोघांपैकी कोणीतरी मध्येच ओरडायचा, "टेक!" की दुसरा एक शब्द न बोलता थांबायचा, आणि दोघं मिळून बीम ओट्यावर टेकवायचे. कोण दमलं, का दमलं, कोणी विचारायचं नाही. पुन्हा उचलताना एक म्हणायचा, "हाय?" दुसरा म्हणायचा, "हाय." बस. हे मी शेकडो वेळा पाहिलं होतं आणि त्यात पाहण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

कॉलेज कोल्हापुरात. रोज एसटीने जाऊन-येऊन. दुसऱ्या वर्षाला असताना मी कॉलेजच्या गिर्यारोहण मंडळात नाव घातलं. आमचं कॉलेज दर वर्षी एका विद्यार्थ्याला उत्तराखंडात गिर्यारोहणाच्या महिनाभराच्या कोर्सला पाठवतं. एकालाच. मंडळ बघणाऱ्या भूगोलाच्या मॅडम ज्याची शिफारस करतील त्याला. ती जागा मला हवी होती. आतापर्यंत मला जे जे मिळालं ते घरच्यांना हवं होतं म्हणून मी मिळवलं होतं. दहावी, बारावी, कॉलेज. ही पहिलीच गोष्ट अशी होती की ती फक्त मला हवी होती, आणि ती स्वतःच्या खर्चाने करायची माझी काहीच ऐपत नव्हती.

मॅडमनी सांगितलं, "रांगण्याला जाऊ. तिथं बघते कोण कसं वागतंय ते."

घरी सांगितलं तेव्हा वडील जेवत होते.

"वझं घिऊन डोंगर चढायचा?"

"व्हय आण्णा."

"वर काय न्यायचंय?"

"काय न्हाय. आपलंच सामान."

"आनि खाली काय आनायचंय?"

"तेच सामान."

आण्णांनी भाकरी मोडली. मग आईला म्हणाले, "मी हे रोज करतुया, मला कुनी सर्टिफिकेट न्हाय दिलं." पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मी जुन्या बाजारातून विकत आणलेली सॅक उलटीपालटी करून बघितली, पट्टे ओढून बघितले, तोंड वाकडं केलं आणि सुताच्या वेस्टची, म्हणजे मागावरच्या टाकाऊ धाग्यांची, गादी करून दोन्ही पट्ट्यांच्या खाली जाड टाके घालून शिवून दिली. बीम खांद्यावर घेताना ते स्वतः वापरतात तसली.

आम्ही पाच विद्यार्थी आणि मॅडम. मंडळाचा लीडर तिसऱ्या वर्षाचा, कोल्हापुरातलाच, वडील मोठ्या ऑफिसात. त्याच्याकडे सगळं सामान असं होतं की त्याला हात लावायच्या आधी आम्ही हात पुसायचो. दुसरा एक तालमीत जाणारा, अंगाने दांडगा, मनाने चांगला, पण भूक लागली की माणूस राहायचा नाही. माझ्याच वर्गातली एक मुलगी नेसरीची, घरी शेती आणि चार म्हशी. उंचीने माझ्या खांद्याला लागेल न लागेल एवढी. आणि तिची रूममेट, जी संपूर्ण ट्रेकभर फक्त "चालेल" एवढंच बोलली आणि त्याबद्दल मी तिचा जन्मभर ऋणी आहे.

मॅडमनी सगळ्यांचं मिळून जे सामान असतं त्याची वाटणी माझ्यावर सोपवली. दोन तंबू, स्टोव्ह, पातेलं, शिधा, दोर, औषधांची पेटी. मला वाटलं, हीच परीक्षा. मी शेजारच्या भंगारवाल्याकडून अडकवायचा स्प्रिंगचा काटा मागून आणला. दोन संध्याकाळी जिमखान्याच्या खोलीत बसून एकूण एक वस्तू काट्याला टांगली. तांदळाच्या पिशव्या सोडून पुन्हा बांधल्या. तंबूच्या काड्या एकाकडे आणि कापड दुसऱ्याकडे केलं. शेवटी प्रत्येकाच्या वाट्याला साडेसात किलो आले, एकालाही पावशेर कमी नाही, जास्त नाही. कागदावर तक्ता केला, खाली रेघ मारली. आयुष्यात इतकं न्यायाचं काम मी केलं नव्हतं. रविवारी सकाळी त्या सॅका पाठीवर घेऊन आम्ही कळंब्याच्या तलावाला फेरी मारली. कोणी कुरकुर केली नाही. सपाट रस्त्यावर करणार तरी कोण?

आता निघायच्या दिवशी स्टँडवर काय झालं ते सांगतो.

लीडर आला तो गळ्यात कॅमेरा, बगलेत कॅमेऱ्याचं तीन पायांचं तिकाटणं, आणि लेन्सची वेगळी पेटी घेऊन. सॅकेतून तंबूचं कापड बाहेर काढून त्याने माझ्यासमोर ठेवलं.

"भावा, हे तू बघ आता. माझं साडेसात झालं कॅमेऱ्यातच."

"कॅमेरा तुझा स्वतःचा हाय की."

"फोटो कुणाचं काढणार? सगळ्यांचं. मग कॅमेरा कॉमन झाला का न्हाय?"

मी तक्ता दाखवला. त्याने तक्त्याचाही फोटो काढला.

मग चटणी. मी तक्त्यात अर्धा किलो कांदा-लसूण चटणी एकदाच लिहिली होती, सहा माणसांना, तीन दिवस, भरपूर झाली. बसमध्ये बसल्यावर बघतो तर प्रत्येकाच्या सॅकेत एकेक डबा. सहा घरांच्या सहा चटण्या. मॅडमचीसुद्धा.

"अरे, मी लिहिलेली ना एक?"

"ती तुझ्या घरची," तालीमवाला म्हणाला. "दुसऱ्याच्या घरची चटणी मला सोसत न्हाय."

"मग माझी घरी ठेवायला सांगायचं होतंस."

"आसू दे की. हेन्ला लागंल." त्याने 'हेन्ला' म्हणून बाकीच्यांकडे बोट दाखवलं. बाकीचे आपापला डबा मांडीवर धरून बसले होते. शिवाय त्याच्याकडे खुराक म्हणून शेंगदाणे आणि गुळाची एक ढेप होती. ती कॉमन नव्हती. आणि ती जड झाली म्हणून त्याने माझ्या नकळत तंबूच्या काड्या रूममेटच्या सॅकेत खुपसल्या होत्या. तिने काय म्हटलं असेल ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

एक गोष्ट मात्र त्याने घट्ट धरून ठेवली होती, ती म्हणजे शिधा. तांदूळ, डाळ, पोहे. मी मनात म्हटलं, चला, हा एक तरी शब्दाला जागला. पहिल्या रात्रीच्या जेवणानंतर मला कळलं की शिधा वाहणारा माणूस दर जेवणाला हलका होतो. तंबू वाहणारा होत नाही. माझ्या तक्त्यात हा रकानाच नव्हता. त्याला तो पहिल्यापासून माहीत होता, आणि वर तो दोन माणसांचं जेवून स्वतःचं ओझं स्वतःच कमी करत होता.

पण त्याआधी, त्याच दिवशी दुपारी, चढ लागल्यावर जे झालं ते सांगायला हवं, कारण माझी चूक तिथे आहे. पाटगावपासून आम्ही चालायला लागलो होतो. अर्ध्या-पाऊण तासाने वाट उभी झाली. नेसरीची मध्येच थांबली, एका दगडावर सॅक टेकवली आणि सरळ सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "थांबा जरा. मला जड होतंय."

लीडर मॅडमकडे वळून हसला. "मॅडम, हितंच तंबू ठोकू या काय? गाव दिसतंय अजून."

"ठोक की. तंबू हाय काय तुझ्याकडं?" ती म्हणाली.

मग ती माझ्याकडे वळली. "ए, माझ्यातलं पातेलं दुसऱ्या कुणाला तरी दे. मी म्हशींच्या वैरणीचा भारा आणते की रोज, पर तो डोक्यावर असतो. हे पाठीमागं ओढतंय मला."

 मी खिशातून तक्ता काढला. खरंच काढला. "सगळ्यांचं सारखंच आहे. साडेसात. तुझंही साडेसातच आहे."

"तुझ्या काट्याला चढ लागतोय काय?"

"पण एकाचं बदललं की सगळ्यांचं बदलावं लागेल. मग न्याय कुठं राहिला?"

"तो दमलेला नाही म्हणून मीबी दमायची न्हाय, हा न्याय व्हय रे?" तालीमवाल्याकडे बघत ती म्हणाली. तो गूळ खात होता.

मी तिला नाही म्हणालो. आवाज चढवून नाही, अगदी समजुतीने, जणू काही मीच तिच्यावर उपकार करत होतो. तिने पातेलं सॅकेवर उलटं बांधलं आणि चालू लागली. मॅडम सगळ्यांच्या मागे होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. मला वाटलं, त्यांना माझी शिस्त आवडली असणार.

रात्री वाटेतल्या वाडीत, देवळाच्या अंगणात तंबू ठोकून मुक्काम केला. सकाळी पोहे झाले, आणि निघायच्या वेळी माझं डोकं फिरलं. लीडर कॅमेऱ्याशिवाय काही उचलायला तयार नव्हता. तालीमवाल्याची सॅक रिकामी होत होत लोळायला लागली होती, आणि तो मला म्हणतो, "तुझी लई भरलेली दिसतीया, भावा." तंबू दवाने भिजून आदल्या दिवसापेक्षा जड झाले होते. नेसरीची खाली बसून खांदा चोळत होती. मला कोणालाच काही सांगायचं नव्हतं. सांगून सांगून कंटाळा आला होता. मी म्हणालो, "द्या इकडं."

"काय?"

"सगळं. द्या इकडं. कुणी काही उचलू नका. मी घेतो."

मी तंबू घेतले. स्टोव्ह घेतला. नेसरीच्या पोरीच्या सॅकेवरचं पातेलं सोडलं आणि माझ्या सॅकेला बांधलं. तालीमवाल्याकडून उरलेले तांदूळ आणि डाळ काढून घेतली, तो आपला देतच गेला. मनात मी म्हणत होतो, आता लाज वाटेल यांना. कोणालाच वाटली नाही. लीडर म्हणाला, "वाघ हाईस भावा," आणि माझा फोटो काढला. तो फोटो माझ्याकडे आहे. त्यात मी दिसत नाही, फक्त सॅक आणि दोन पाय दिसतात.

आणि खरं सांगायचं तर फक्त राग नव्हता. मला मॅडमना दाखवायचं होतं. ती जागा हवी होती ना. माझ्या वडिलांच्या खांद्यावरून बीम जातात, हे मी काय एवढं उचलणार नाही, असंही कुठेतरी होतं.

पहिला तास मी सगळ्यांच्या पुढे होतो. दुसऱ्या तासाला मध्ये. मग एकेक जण मला मागे टाकून गेला, पातेलं चालताना खडखडत होतं त्यामुळे कोणाला वाट मागायचीही गरज पडत नव्हती. शेवटी मागे फक्त मॅडम राहिल्या. त्या माझ्या मागून चालत होत्या, दहा पावलांवर.

"थांबायचं का?" त्यांनी विचारलं.

"नको मॅडम. ठीक आहे."

अर्ध्या तासाने पुन्हा. "पाणी पिऊ या?"

"तुम्ही प्या मॅडम. मी उभाच आहे."

सॅक खाली ठेवली तर पुन्हा उचलता येणार नाही याची मला खात्री होती.  एका ठिकाणी ओहोळ उतरताना मी गुडघ्यावर बसलो आणि तसाच चार पायांवर पलीकडे गेलो. मॅडम मागून बघत होत्या. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा मी जवळजवळ ओरडलोच, "मॅडम, मला काही होत नाहीये!" त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. त्यांच्याकडे फक्त पाण्याची बाटली होती आणि चटणीचा डबा.

ठरलं होतं ते असं की गडावर बारा-साडेबाराला पोचायचं, तलावाच्या काठावर डाळभात करायचा. दुपारचे दोन वाजून गेले तरी मी जंगलातच होतो. आणि तेव्हा माझ्या डोक्यात आलं. स्टोव्ह माझ्याकडे. काडेपेटी माझ्याकडे. तांदूळ, डाळ, पातेलं, सगळं माझ्या पाठीवर. वर चार माणसं तलावाच्या काठी बसलेली आणि त्यांच्याजवळ चार चटण्या आणि एक कॅमेरा. त्या चौघांमध्ये तालीमवाला.

समोरून पावलांचा आवाज आला. नेसरीची खाली उतरत होती, पाठीवर रिकामी सॅक. मला बघून ती थांबली, आधी मॅडमकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ठेव खाली."

"नको, आता थोडंच..."

"ठेव म्हणते न्हवं. तो वर गुळाची ढेप संपवून आता तलावातले मासे बघत बसलाय. ठेव."

मी ठेवली. म्हणजे मीच सॅकेसकट मागे बसलो. तिने मला पट्ट्यांतून मोकळं केलं, पट्ट्याखालची गादी दाबून बघितली आणि म्हणाली, "हे कुणी शिवलंय? बरं हाय की हे." मग पातेलं सोडलं, तांदूळ काढले, स्टोव्ह काढला. एक तंबू मॅडमकडे दिला. मॅडमनी तो खांद्यावर घेतला.

"तुला मदत नको होती तर नको," ती म्हणाली. "पर सकाळी माझं पातेलं काढून घेतलंस, ते मला इचारलंस?"

"तुलाच जड होत होतं ना?"

"काल मी मागितलं तवा तुझा कागद आडवा आला. आज मी मागितलं न्हाय तर ओढून घेतलंस. मी मागितलं ते कमी करायला. तू घेतलंस ते मॅडमना दाखवायला. आणि आता सगळी उपाशी." मग ती म्हणाली, "मीबी उपाशी हाय."

मला इतका राग आला. तिचा नाही. कोणाचा ते कळेना. माझे खांदे एकदम हलके झाले होते आणि त्याचाच राग येत होता.

वर पोचलो तेव्हा तालीमवाला उठून उभा राहिला, माझ्याकडे आला, मला वाटलं आता मारतो, पण त्याने माझ्या हातातली डाळीची पिशवी घेतली आणि कपाळाला लावली. "आलास व्हय रं. मी म्हटलं, देव पावतोय का न्हाय आज." लीडरने लेन्सची पेटी मिटली आणि पहिल्यांदाच आपणहून पाणी आणायला गेला. मॅडम दगडावर बसून बूट काढत होत्या.  त्या मला एक शब्दही रागावल्या नाहीत, याचाच मला तेव्हा सगळ्यात जास्त त्रास झाला.

भात झाल्यावर नेसरीच्या पोरीने सगळ्यांच्या सॅका तलावाच्या काठावर ओतायला लावल्या. काटा नाही, तक्ता नाही. एकेक वस्तू उचलायची आणि विचारायचं, "कुणाला जड होतंय आता?" जो गप्प बसेल त्याला द्यायची. हे सगळं दर जेवणानंतर पुन्हा करायचं, कारण दर जेवणानंतर कोणाचं तरी काहीतरी कमी होतं. कॅमेऱ्याचं तिकाटणं दोन-दोन तास एकेकाने घ्यायचं, पण ज्याच्याकडे ते असेल त्याचे फोटो लीडरने सगळ्यात जास्त काढायचे. आणि पातेलं? पातेलं, ती म्हणाली, जो दुसऱ्यांदा भात घेईल त्याने.

"मग मी दुसऱ्यांदा घेतच न्हाय," तालीमवाला म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघत राहिले. भातावरून वाफ येत होती. त्याने एक मिनिट दम धरला असेल. मग ताट पुढे केलं. "वाढ. आणि ते पातेलं दे हिकडं, काय मरत न्हाय मी."

परतीच्या सगळ्या वाटेवर पातेलं त्याच्याकडे राहिलं आणि सगळ्या वाटेवर त्याने ते कोणाच्या तरी गळ्यात मारायचा प्रयत्न केला. मी दोनदा म्हणालो, "मला जड होतंय." दोन्ही वेळा जीभ अडखळली. दोन्ही वेळा सगळे थांबले, कोणीतरी काहीतरी घेतलं, आणि पुढे निघालो. एवढंच होतं ते. इतकं सोपं होतं म्हणून मला अजून चीड येते.

घरी आलो तर आण्णा ओट्यावर बसले होते. त्यांनी आधी सॅक बघितली. डावा पट्टा एका बाजूने उसवला होता.

"लई भरली हुतीस."

मी सगळं सांगितलं. चटणीपासून सांगितलं. त्यांना चटणीचं हसू आलं नाही, त्यांना ते बरोबरच वाटलं. मी मागून येणाऱ्या मॅडमचं सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मग त्येनी इचारलं तवा टेक म्हटलास का न्हाय?"

"न्हाय."

आण्णांनी उसवलेल्या टाक्यावर बोट फिरवलं. "आमच्यात एक हुता तसला. कंदीच म्हनायचा न्हाय. लई ताकदीचा. त्येच्यासंगं बीम उचलायला कुनी उभं ऱ्हायचं न्हाय."

"का?"

"तो आपला जाईल मुकाट, आनि एकदम सोडंल. मग म्होरच्याचा पाय."

मी शाळेतून येताना भिंतीला चिकटून उभा राहायचो तेव्हा हा शब्द किती वेळा ऐकला होता. दोन वर्षं कॉलेजात जाऊन मी काटा आणला, तक्ता केला, रेघ मारली, आणि जो एक शब्द घरातला होता तो नेमका घरी ठेवून गेलो.

मग वाट बघणं सुरू झालं. मॅडम म्हणाल्या होत्या, शिफारस पाठवली की कळवू. महिना गेला. मी ऑफिसात विचारलं, तिथल्या क्लार्कने सांगितलं, प्राचार्यांच्या सहीला आहे. पुन्हा विचारलं, सहीहून आलं आहे पण पाठवलं नाही. मग म्हणाला पाठवलं आहे, उत्तर यायचं आहे. मग परीक्षा आल्या. मॅडमना विचारायचं धाडस होत नव्हतं. दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि नकाशे बघितल्यासारखं करून परत आलो. नेसरीच्या पोरीनेही अर्ज दिला होता हे मला माहीत होतं. तो विषय आम्ही दोघांनी एकदाही काढला नाही. डबा खाताना ती तिची चटणी मला वाढायची, मी माझी तिला.

सुट्टीत मी घरी होतो, शेजारच्या कारखान्यात मागावर मदतीला जात होतो. मे महिन्यातली दुपार होती. फोन थरथरला म्हणून बघितलं तर तिचं नाव. आत काही ऐकू येत नाही, म्हणून पळत बोळात आलो. वडील आणि त्यांचा जोडीदार नुकताच एक बीम ओट्यावर टेकवून घाम पुसत होते.

"लागलं," ती म्हणाली.

"काय?"

"नाव. माझं नाव लागलं. मॅडमचा फोन आलता आत्ताच." तिच्या मागे म्हैस ओरडत होती.  मग म्हणाली, "तुझं दुसरं हुतं म्हणे यादीत."

मी भिंतीला टेकलो.  चार महिने मी रोज रात्री बर्फ बघत झोपलो होतो. मला वाटलं होतं, मी काहीतरी मोठ्या मनाचं बोलेन. मी भिंतीचा पोपडा नखाने काढत राहिलो.

"हाईस काय?" तिने विचारलं.

"हाय," मी म्हणालो. मग म्हणून टाकलं, "वाईट वाटतंय मला."

"मला म्हाईत हाय."  तिला घाई नव्हती. मग म्हणाली, "एक इचारू? तुझी ती गादीवाली सॅक देतोस काय मला? महिनाभर?"

आण्णा ओट्यावरून माझ्याकडे बघत होते.

"डावा पट्टा उसवलाय," मी म्हणालो. "थांब. आण्णांना शिवायला सांगतो."